दोन माणसे, एक बंदूक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा रक्तदाबावर एखादा माहितीपर लेख द्यावा असे मनात होते. परंतु त्या विषयावर आपले अधिकारी सभासद दरवर्षी लिहितात आणि माझ्यापेक्षा बरे लिहितात. त्यातच कोलोरॅडोत स्थायिक झालेल्या भाच्याचा दूरध्वनी आला आणि त्याच्या एका प्रश्नाने हा लेख भलत्याच वाटेला लागला. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा भाचा लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आदिलाबादला आमच्याकडे येत असे. आता तो पन्नाशीकडे झुकला आहे आणि गेली काही वर्षे शरद ऋतूत, रीतसर परवाना काढून, तिकडच्या डोंगरांत एल्कच्या शिकारीला जातो. "मामा, यंदा एकट्यानेच जावे म्हणतो. सोबत्याबरोबर गेले की मन लागत नाही. तुम्हांला काय वाटते?" असा त्याचा प्रश्न. शिकारीच्या घराण्यातला म्हणून त्याने मला विचारले असावे. हृदयरोगाच्या वयाला पोचलेला रुग्ण म्हणून उत्तर द्यावे लागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतील मोठे हरीण. वापिटी हे त्याचे दुसरे नाव. नराचे वजन तीनशे किलोच्या वर सहज जाते. आपल्याकडे त्याच्या जवळचा प्राणी शोधायचा तर सांबर. उटनूर, जन्नारम, तिर्याणीच्या जंगलांत सांबर आजही आहे. वाघाच्या आवडत्या भक्ष्यांपैकी ते एक. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली दारेही बंद झाली. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. कव्वालचे १९६५ चे अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरातून वाघ पुन्हा आपल्याकडे उतरू लागले; हे पाहायला मिळाले, याचे मला समाधान आहे. तेव्हा शिकारीची तरफदारी करण्याचा हेतू नाही. मात्र भाच्याचा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे, आणि त्याचा आपल्या जिल्ह्याशी व आपल्या व्यवसायाशी संबंध आहे.

एकट्याने जाण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हरीणवर्गीय जनावर नाकाने जगते. दोन माणसांचा वास दुप्पट, पावलांचा आवाज दुप्पट, आणि कुजबुज तर हवीच. एकटा माणूस वारा पाहून आपली वाट बदलतो. त्याला कोणाला विचारावे लागत नाही. जिम कॉर्बेट नरभक्षकामागे जाताना एकटे राहणेच पसंत करीत असे. सोबत्याच्या हाती बंदूक असली की तिचे तोंड केव्हा आपल्याकडे वळेल याचा नेम नाही, ही धास्ती त्याला वाघाहून मोठी वाटे. चंपावतच्या वाघिणीमागे जाण्यापूर्वी इतर शिकाऱ्यांना त्या भागातून हलवावे, अशी अटच त्याने घातली होती.

पण तीच चंपावतची कथा शेवटपर्यंत वाचावी. १९०७ साली, ४३६ माणसांचे बळी घेतलेल्या त्या वाघिणीचा शेवट झाला तो सुमारे तीनशे गावकऱ्यांनी केलेल्या हाक्यात. ते गावकरी गोळा केले तहसीलदाराने. कॉर्बेटने बरोबर आणलेली तीनच काडतुसे संपली, तेव्हा तो धावत त्याच तहसीलदाराकडे गेला आणि त्याची जुनाट बंदूक घेऊन त्याने काम पुरे केले. आपण मात्र 'एकटा कॉर्बेट' एवढेच लक्षात ठेवतो. एकट्या शिकाऱ्याच्या बहुतेक कथांत असा एखादा तहसीलदार पानाच्या कडेला उभा असतो.

आता वैद्यकीय बाजू. मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या २५ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील बऱ्याच जणांना आधीपासून हृदयधमन्यांचा विकार होता. त्यांच्या हृदयाची नोंद प्रत्यक्ष जंगलात घेतली गेली आणि काहींच्या नाडीची गती ट्रेडमिलवर गाठलेल्या कमाल गतीच्याही पलीकडे गेली. कारण उघड आहे. थंड हवा, चढ, पाठीवरचे ओझे आणि समोर जनावर दिसताच होणारा तो उत्तेजनेचा झटका, हे सारे एकाच क्षणी. एल्कच्या बाबतीत तर जनावर पडल्यानंतर खरे कष्ट सुरू होतात. ते जागीच फोडून, मांस पाठीवर घेऊन, कित्येक मैल चार-पाच खेपा कराव्या लागतात. हे सारे आठ-नऊ हजार फुटांवर. छातीत दुखू लागले तर उपग्रहाचे यंत्र निरोप धाडील. छातीवर दाब देणारे हात ते कोठून आणणार?

म्हणजे सोबती हवाच, असे म्हणून लेख येथेच संपवता आला असता. परंतु सोबत्याचेही अपघात आहेत. पळत्या जनावरामागे बंदूक फिरवताना मधला माणूस न दिसणे, झुडूप हलले म्हणून गोळी झाडणे, हे प्रकार जगभर घडतात. कोलोरॅडोत बंदुकीच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी रंगाचे कापड सक्तीचे आहे, ते जनावरासाठी नव्हे, एकमेकांसाठी. (आता गुलाबी रंगही चालतो म्हणे.) तेव्हा 'एक की दोन' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. माणसे किती यापेक्षा बंदुका किती, आणि बंदूक नसलेल्याला 'थांब' म्हणण्याचा अधिकार आहे की नाही, हे विचारले पाहिजे.

भाच्याच्याच सांगण्यावरून मला कळले की एल्कच्या माजाच्या दिवसांत तिकडचे अनुभवी लोक जोडीने जातात ते याच रीतीने. एक जण मागे राहून नराची तुतारीसारखी हाक काढतो. दुसरा काही अंतर पुढे, वाऱ्याची दिशा धरून, गप्प बसतो. एल्क हाकेकडे येतो, पुढच्या माणसाच्या टप्प्यात सापडतो. हाक देणाऱ्याच्या हातून काही मरत नाही, पण त्याच्यावाचून काही होतही नाही.

आमच्या घरात हीच रीत होती. माझे थोरले काका निजामी अमदानीपासून परवान्याची बंदूक बाळगून होते. जन्नारमच्या बाजूला सांबराच्या शिकारीला ते जात, तेव्हा त्यांच्याबरोबर नेहमी एक वयस्क गोंड वाटाड्या असत. त्यांच्या हाती कुऱ्हाडीखेरीज काही नसे. माग तेच काढीत, कोठे बसायचे ते तेच ठरवीत, आणि काकांनी बंदूक खांद्याला लावली तरी ते नळीवर हात ठेवून "मालक, थांबा," असे म्हणू शकत. गावात काकांसमोर ते कधी बाजेवर बसले नाहीत. जंगलात मात्र काका त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. ही विषमता मला आजही बोचते, पण जंगलातली ती एवढी व्यवस्था शहाणपणाची होती.

१९५९ च्या चैत्रात, वाटाड्या नात्यातल्या लग्नाला गेलेले असताना, काका एकटेच गेले. पहाटेच्या अंधुक उजेडात नाल्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली काहीतरी करडे हलताना त्यांना दिसले. वाकत होते, उठत होते, पुन्हा वाकत होते. काकांनी गोळी झाडली. तो मोहफुले वेचणारा माणूस होता. मांडी फुटली. काकांनी त्याला स्वतःच्या बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. तो वाचला, पण जन्मभर लंगडत राहिला. मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो. गाडीतले रक्ताने भिजलेले गवत आमच्या गड्याने परसात जाळले, तो वास मला अद्याप आठवतो. वाटाड्या परत आले, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "सांबर इतका वेळ एका जागी वाकून राहत नाही, मालक." काकांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. त्या माणसाच्या घरी दरवर्षी दोन पोती ज्वारी जात असे. कोणी त्यांच्या दातृत्वाची स्तुती केली की ते उठून आत निघून जात.

काका नेमबाज होते, जंगल जाणणारे होते, बेजबाबदार तर मुळीच नव्हते. त्या पहाटे त्यांच्याजवळ नव्हता तो केवळ नळीवर येणारा दुसऱ्याचा हात.

बंदुका गेल्या, परंतु आपल्या जिल्ह्यातून शिकार गेली असे ज्याला वाटते, त्याने खेड्यातील कोणत्याही डॉक्टरला विचारावे. मका, ज्वारी, भुईमूग यांत रानडुकरे उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत उलथून पडते, आणि नुकसानभरपाईचे कागद पुरे होईतो पुढचा हंगाम येतो. शेतकऱ्याचा संताप खोटा नाही. मग धुऱ्याला लाकडी खुंट्या ठोकून गुडघ्याखाली बाइंडिंगची तार ताणली जाते, रात्री विजेच्या तारेवर आकडा टाकला जातो आणि पहाटे काढला जातो. काही जण हे पिकासाठी करतात, काही मांसासाठी. ही तार म्हणजे एकट्याने केलेल्या शिकारीची शेवटची पायरी. येथे 'थांब' म्हणणारा सोबती नाही, इतकेच नव्हे. शिकारीच जागेवर नाही. तो घरी झोपलेला असतो. तारेला डुक्कर, सांबर, वाघ, शेजाऱ्याचा बैल आणि रात्री मोटार चालू करायला अनवाणी निघालेला शेजारी, सर्व सारखेच. ओल्या मातीत उभ्या असलेल्या माणसाला २३० व्होल्ट पुष्कळ होतात. हृदयाचे ठोके विस्कटायला मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतकाच प्रवाह लागतो. आणि त्याला ओढायला धावलेला दुसरा माणूस, पुरवठा बंद केल्यावाचून हात लावला तर, तोही तेथेच पडतो.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्या दवाखान्यात एका तरुण मजुराला मृतावस्थेत आणले गेले. नातेवाईक म्हणाले, साप चावला. बरोबर गावातील चार प्रतिष्ठित होते. ज्यांच्या शेतात तो पडला तेही होते, आणि ते माझे जुने रुग्ण होते. दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. डाव्या नडगीवर आडवा, फिकट, कडा उचललेला कडक व्रण होता. तो कशाचा, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यानेही सांगितले असते. मृताची पत्नी काहीच बोलत नव्हती. पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदनासाठी पाठवणे हे माझे कर्तव्य होते. मी केसपेपरवर 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार सर्पदंश' असे लिहिले आणि व्रणाचा उल्लेख केला नाही. वाक्य खोटे नव्हते. प्रेत दुपारपर्यंत जाळले गेले. पुढल्या हंगामात त्याच धुऱ्यावर एक बैल मेला, तेव्हा मला समजले की तार निघालेली नव्हती.

खेड्यात प्रॅक्टिस करणारा डॉक्टरही एकटाच असतो. मध्यरात्री चार प्रतिष्ठित समोर उभे असताना त्याच्या लेखणीवर हात ठेवणारे कोणी नसते. त्या पहाटे एखाद्या समव्यवसायी मित्राला मी फोन केला असता, तर त्याने मला दोन शिव्या देऊन पोलीस ठाण्याला कळवायला लावले असते, असे मला वाटते. किंवा लावले नसते. पण निदान व्रण दोघांनी पाहिला असता.

भाच्याला मी कळवले की सोबती घेऊन जा, बंदूक एकानेच न्या, आणि निघण्यापूर्वी स्ट्रेस टेस्ट करून अहवाल मला पाठव. तो हसला. अहवाल अद्याप आलेला नाही.

आपल्या संस्थेच्या पुढील सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. शेतातून मृत वा बेशुद्ध आणलेल्या प्रत्येक रुग्णाचे पाय व तळवे पाहून व्रण नोंदवावा, संशय येताच दुसऱ्या सभासदाला, तो कितीही दूर असला तरी, त्याच वेळी फोन करावा आणि पोलिसांना दिलेल्या सूचनेवर दोघांचीही नावे असावीत. दुसऱ्या सभासदाच्या नावाला कायद्याने किती वजन येईल, ते आपल्यातील न्यायवैद्यकाचे जाणकार सांगतील. काही जणांना हा ठराव अनावश्यक वाटेल, काहींना अडचणीचा. चर्चेची सुरुवात मी माझ्या त्या केसपेपरपासून करीन.