दवाखान्यातला निरोप्या

गेल्या महिन्यात आईला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर दीड तास, डॉक्टरांपाशी दहा मिनिटे, मग रक्त तपासायला दुसरी रांग. निकाल घेऊन धावत परत आलो, तो डॉक्टर उठून गेलेले! मोसंबीचे पाणी राहिले आणि औषधासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा. चूक कुणा एकाची नव्हती. खिडकी, डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधालय यांचा आपसात मेळ नव्हता. त्यांच्यातला निरोप्या मीच, हातात कागद घेऊन पळणारा.

हा मेळ आता संगणकावर घालतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ ही व्यवस्था त्यातलीच. खिडकीवर नाव चढले, की त्याच नंबरावर डॉक्टर तपासणी लिहितात, तपासणीवाले निकाल भरतात आणि औषधालयात चिठ्ठी दिसते. मात्र मधल्या एकाने नोंद चुकवली, की तुम्ही पुन्हा निरोप्ये.

पाचोडकरांना यात नवल वाटू नये. इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’च्या उपक्रमात गावची आरोग्यसेविका दर महिन्याला घरोघर नोंद करी आणि नर्सबाईंनी कोणाला आधी पाहायचे, ते त्या नोंदीवरून ठरे. एकाची नोंद दुसऱ्याच्या कामी आली पाहिजे, एवढेच त्यातले इंगित.

राहिली खिडकीची रांग. तिच्यासाठी २०२२ साली सोय निघाली. ‘आभा’ हा १४ आकडी आरोग्य क्रमांक घरबसल्या मोबाईलवर निघतो. आधारला जोडलेला नंबर मात्र जवळ हवा. खिडकीपाशी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो. आभाच्या अ‍ॅपमधून तो स्कॅन करून संमती दिली, की नाव, वय, पत्ता आत पोचतो आणि टोकन मोबाईलवर येते. त्या दिवशी असा चौकोन समोरच होता हो! मला वाटले, पैसे भरायचा असेल.

आभा सक्तीचा नाही. मोबाईल नसलेल्या आजीलाही खिडकीवर केसपेपर मिळतोच. टोकन मिळाले म्हणून जुने रिपोर्ट घरी ठेवू नका, ते आपोआप संगणकात गेलेले नसतात. आणि फोनवरून कुणी ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवून द्या.

आईचा नंबर पोरीने काढून दिला आहे. पुढच्या खेपेला तिलाच बरोबर नेणार. माझा चष्मा आणि मोबाईल यांचे अजून जमत नाही.