मंगळावरचा वारा खलनायक नाही

वसंतात अल्फारेटात रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या बघा. पाइनच्या झाडांचे पिवळे पराग त्यांच्यावर साचतात. पावसाची एक सर आली, की धुऊन जातात. मंगळावर मात्र पाऊस पडत नाही. तिथे धूळ उडवतो वारा, आणि झाडतोही वाराच!

'द मार्शियन' हा सिनेमा तुम्ही कदाचित पाहिला असेल. त्यात इतकं जोराचं वादळ येतं, की यान कलंडायला लागतं. हे काही खरं नाही. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तरी तुम्हाला तो झुळकेसारखाच लागेल.

मग असा वारा वाळूच्या टेकड्या कशा घडवतो? एकेक कण हलवून. उडालेला कण खाली पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतो, मग तेही उडतात. वाळू एका बाजूने हळूहळू वर चढते आणि दुसऱ्या बाजूने घसरते. अशी अख्खी टेकडी पुढे सरकते, पण वर्षाला साधारण अर्धा मीटरच! थेंबे थेंबे तळे साचे, तसंच हे.

माझ्या मते खरी भीती आहे ती बारीक धुळीची. जून 2018 मध्ये धुळीने जवळजवळ सगळा मंगळ झाकून टाकला. 'ऑपॉर्च्युनिटी' हा रोव्हर सूर्यप्रकाशावर चालायचा. त्याला ऊन मिळेना. 10 जूननंतर त्याचा एकही संदेश आला नाही.

तुम्ही म्हणाल, "पण ती धूळ वाऱ्यानेच उडवली ना?" बरोबर आहे. पण हा रोव्हर पाठवला होता फक्त 90 दिवसांसाठी, आणि तो चालला 14 वर्षांहून जास्त! त्याच्या सोलर पॅनेलवरची धूळ वारा अधूनमधून झाडत होता, हे त्याचं एक मोठं कारण. 'इनसाइट' यानाच्या वाट्याला असा वारा फारसा आला नाही. धूळ साचत गेली आणि 2022 मध्ये त्याचं काम थांबलं.

म्हणून मला वाटतं, माणसं मंगळावर पाठवायची असतील, तर वाऱ्याच्या भरवशावर राहू नये. नुसती सौरऊर्जा पुरणार नाही. 'क्युरिऑसिटी' रोव्हर अणुऊर्जेवर चालतो, म्हणून 2018च्या धुळीतही त्याचं काम चालू राहिलं.

तुम्हाला हे पटतं का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा.