दंगा का झाला, हे कोण विचारणार?



रास्ता रोको झाला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: ‘कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न’. किती पोरांवर गुन्हे, किती गाड्यांच्या काचा, एवढेच छापून येते. कापूस काय भावाने गेला, ते त्या बातमीत नसते. ही रीत जुनी आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे, बाजाराचे गाव. आसपासचे कुणबी जमले, सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले, हाती आले ते जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत गेले. माणसे मारली गेली नाहीत म्हटले तरी चालेल. राग कागदावर होता. सरकारने ९५१ जणांना धरले.

आता कायदा बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे चालणार असे ठरले. हेतू व्याज साचू नये हा. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात जाई. कोर्ट बघणार फक्त रोखा आणि अंगठा. आज आपण ज्याला कर्जाचे जुने-नवे म्हणतो, त्याचीच ही आजी.

राजकारण बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसावर धावल्या. भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली. आणि नेमका १८६७ पासून सरकारने नव्या आकारणीत सारा ५० ते १०० टक्के चढवला. पुढे चौकशी आयोग नेमला. त्याने साऱ्याला निर्दोष सोडले, सगळे खापर सावकारावर फोडले. आरोपीच पंच झाल्यावर दुसरे काय होणार?

समाज बघा. पूर्वी सावकाराला गावाची भीड धरून राहावे लागे. कोर्ट पाठीशी आले आणि ती भीड सुटली.

शेवटी १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यामागचा मूळ हिशेब उघडण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. वऱ्हाडच्या कापूसवाल्याला नाही.

म्हणजे सुप्याच्या माणसांना हवा होता हिशेब. तो कोणी विचारला नाही, म्हणून आग लागली. काच फोडून आपलीच पोरे कोर्टाच्या तारखा मोजत बसतात. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा: कोणत्या कायद्याने अडवले, कोणत्या निर्णयाने भाव पाडला, गावात कोण कोणापासून तुटले. चौकशी त्यांची होण्याआधी आपली तयार पाहिजे.