बेटाची शांतता आणि आमची हौस

मुंबईच्या गेटवेपासून लाँचीनें निघालें असतां सुमारें तासाभरांत घारापुरीस पोंचतां येतें. तेथें मोटारींचा खडखडाट नाहीं. शहराच्या इतकें निकट असूनहि रायगड जिल्ह्यांतील हें लहानसें बेट शहरापासून वेगळें राहिलें आहे. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादींत असलेलीं तेथील लेणीं पाहावीं व घटकाभर शांतता भोगावी, या हेतूनें सुटीच्या दिवशीं अनेक कुटुंबें तेथें जातात. ही हौस निर्दोष आहे. परंतु त्या शांततेविषयीं सुशिक्षितांत जीं मतें ऐकूं येतात, तीं आम्हांस तशीं वाटत नाहींत.

एक पक्ष म्हणतो कीं, बेटावर वीज आली आणि जुनी गोडी गेली. ही वीज आली केव्हां? २०१८ सालीं! समुद्रतळावरून सुमारें साडेसात किलोमीटर तार नेऊन राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर या तीन गांवांस ती देण्यांत आली. तोंपर्यंत संध्याकाळचे कांहीं तास जनित्र चाले, तेवढाच काय तो उजेड. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई आणि इकडे अंधार, अशी स्थिति स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें राहिली. आपल्या घरचा पंखा क्षणभर थांबला तरी जे त्रागा करतात, त्यांनीं दुसऱ्याच्या अंधारास गोडी म्हणावें, हा न्याय कोठला?

दुसऱ्या पक्षास सोयींचा ध्यास आहे. शिवडीपासून बेटापर्यंत सुमारें आठ किलोमीटर रज्जुमार्ग बांधण्याची योजना मागें पुढें आली होती, ती त्यास मनापासून पसंत. २०२४ च्या डिसेंबरांत घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जणांचे प्राण गेले, याकडे तो बोट दाखवितो. परंतु जलमार्गावर अपघात झाला, तर जलमार्गच निर्धोक करावयास नको काय? प्रत्येक उतारूस प्राणरक्षक जाकीट द्या. रात्रीं अपरात्रीं आजाऱ्यास नेण्यास बोट सज्ज ठेवा. याचा लाभ बेटावरील माणसांस प्रथम होईल. रज्जुमार्गानें मात्र गर्दीवर समुद्रानें घातलेला आळाच सुटेल.

दोन्ही पक्षांची चूक एकच: बेट म्हणजे आपल्या करमणुकीचें साधन, ही समजूत. वास्तविक तेथील शांतता गांवकऱ्यांच्या दिव्यानें भंगत नाहीं. ती आम्हीं पाहुणे भंगतों. लेण्यांत आरोळ्या कोण ठोकतें? वाटेवर बाटल्या कोण टाकतें? सुमारें १२० पायऱ्या चढण्यासाठीं वृद्धांनीं व अपंगांनीं डोली करावी, हें रास्तच आहे. पण धडधाकट माणसांनीं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मिरवावें काय? भोयांस मजुरी मिळते हें खरें असलें, तरी त्यानें ही लाज झांकत नाहीं.

आमच्या वाचकांनीं घारापुरीस अवश्य जावें. पायऱ्या पायींच चढाव्या, शिदोरीचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा, चार पैसे गांवकऱ्यांच्या दुकानांत खर्चावे आणि सदाशिवाच्या त्या भव्य त्रिमुखी मूर्तीपुढें आवाज खालीं ठेवावा. एवढें ज्यांस जमत नाहीं, त्यांनीं बेटाची गोडी गेल्याची तक्रार करूं नये.