काटकसर की कद्रूपणा?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. त्या म्हणीला ‘आणि पाहावे दुरुस्त करून’ अशी पुरवणी आम्ही आज जोडू इच्छितो. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारा मराठी अधिकारी काटकसरी असतो, ही त्याची ख्याती दिल्लीपासून हैदराबादेपर्यंत सर्वश्रुत आहे आणि तिचा आम्हांस अभिमानही आहे. परंतु घरदुरुस्तीचा प्रसंग आला म्हणजे ही काटकसर नेमकी भलत्याच ठिकाणी धावते, आणि मग तिला कद्रूपणा हेच नाव शोभते, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

प्रथम आमचाच दोष सांगतो. यमुनेपलीकडच्या आमच्या घरात निजण्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. आम्ही तीन मिस्त्र्यांकडून दर मागवले आणि जन्मभराच्या कचेरीच्या सवयीने सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिले. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात भिंत पूर्ववत झाली. दुसऱ्या वर्षीही तोच प्रकार. तिसऱ्या वर्षी एका वृद्ध गवंड्याने भिंतीकडे पाहण्याऐवजी थेट गच्ची गाठली आणि तुंबलेली पन्हळ व कठड्याच्या बुडाशी पडलेली भेग दाखवली. तेवढ्या कामास एका वेळच्या रंगाच्या निम्माही खर्च आला नाही. रोग गच्चीवर आणि लेप भिंतीवर, अशी आमची चिकित्सा दोन वर्षे चालली होती!

सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च, हा भ्रम निदान काही कामांपुरता तरी खुद्द सरकारने सोडला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने काढलेल्या सूचनांत, विशिष्ट बांधकामांच्या निविदा ठरवताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा आहे. कचेरीत या सूचनांवर टिपणे लिहिणारे आमचे बंधू घरी मात्र दर पाहतात, काम पाहत नाहीत, याला काय म्हणावे?

काटकसर करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ती कोठे करावी, एवढाच वाद आहे. छप्पर, पाणी आणि वीज या तिहींत हात आखडू नये; संगमरवर आणि फॉल्स सीलिंग यांत खुशाल आखडावा. प्रत्यक्षात उलटेच दिसते. दिवाणखान्याला मखराचा थाट, आणि भिंतीतल्या तारा जुनाट! सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, उत्तरेकडील लू वाहत असता तर अधिकच दक्षतेने. पण मजुराचे चार दिवस वाचवण्यासाठी तिसऱ्याच दिवशी त्यास निरोप दिला जातो, आणि भिंतीला तडे गेले म्हणजे सिमेंटला शिव्या. खरी बचत निराळीच असते. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला, तर रोज बारा तासांच्या वापरात अर्ध्या युनिटाहून अधिक वीज वाचते. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात विटा उभ्या रचून मध्ये पोकळी राखणाऱ्या भिंती बांधल्या. त्या रचनेत सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे उन्हाचा तापही कमी होतो. ही बचत विचाराने झाली, घासाघिशीने नव्हे.

गावाकडच्या वडिलोपार्जित घराची कथा तर याहून शोचनीय. तेथे आमचा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. ‘यंदा शाकारणी राहू द्या, पुढल्या वर्षी पाहू,’ असे आम्ही फोनवर सांगतो. एक कौल फुटते, त्याखालचा वासा कुजतो, मागोमाग वाळवी येते, आणि पाच वर्षांनी आम्ही भावंडांना कळवतो की घर आता राहण्याजोगे उरले नाही, विकावे. ते घर काळाने पाडले, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या तर तीन-तीन वर्षांनी बदल्या. घरात पैसा कशास घालावा? सरकारी निवासस्थानापुरता हा युक्तिवाद मान्य. पण स्वतःच्या घराची बदली होत नाही. निवृत्तीनंतर त्याच ओल्या भिंतीशी उशी टेकावयाची आहे.

आणि एक शेवटचे. सारी हिशेबी बुद्धी अखेर मिस्त्र्याच्या मजुरीतून शे-दोनशे कापण्यात खर्च होते, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. ज्याच्या हातावर आपले छप्पर उभे राहावयाचे त्याचाच हात आखडवणे, ही काटकसर नव्हे. यंदा पाऊस सुरू होण्यापूर्वी वाचकांनी रंगाच्या छटा निवडण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन यावे, एवढीच आमची विनंती.