शेवटच्या पायरीचा आधार

गेल्या श्रावणातील एका सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच दूरध्वनी आला. माझ्या जुन्या रुग्ण, ७४ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका, घराच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा त्या तुळशीवृंदावनापाशी पडून होत्या. उजवा पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूस वळला होता. खुब्यापाशी हाड मोडल्याचे हे लक्षण ओळखायला क्ष-किरण चित्राची वाट पाहावी लागत नाही. “डॉक्टर, कठडा धरला होता हो मी,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

त्यांचे म्हणणे खरे होते. दोन वर्षांपूर्वी घराचे नूतनीकरण करताना मुलाने ओट्यापासून अंगणात उतरणाऱ्या पाच पायऱ्यांना मोठ्या हौसेने कठडा बसवून घेतला होता. खाली काचेचे फलक, वर चार इंच रुंदीची चकचकीत चौकोनी नळी. दिसायला देखणा, पण त्या नळीभोवती बाईंची बोटे वळत नव्हती, तळवा नुसता वर टेकत असे. शिवाय तो कठडा चौथ्या पायरीवरच संपत होता. पहाटेचा अंधूक उजेड, पावसाने ओली झालेली फरशी, एका हातात पाण्याचा तांब्या. कठडा संपला तेव्हा पायऱ्याही संपल्या, असे हाताने सांगितले आणि पायाने ते मानले. पाचवी पायरी त्यांना दिसलीच नाही.

मला लागून राहिली ती माझी स्वतःची चूक. बारा वर्षे मी त्यांचा रक्तदाब मोजत होतो, ड जीवनसत्त्वाची आठवण करून देत होतो. त्या ओट्यावर बसून अनेकदा चहाही घेतला होता. त्या पायऱ्यांकडे मात्र वैद्याच्या नजरेने मी एकदाही पाहिले नाही. तेव्हापासून साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाला मी विचारतो : “घराबाहेर पडताना किती पायऱ्या उतरता? आणि हात कशाला धरता?”

वार्धक्यात पडण्याला सहसा एकच कारण नसते. स्नायूंची ताकद घटते, तळपायाची संवेदना मंदावते. मधुमेहींमध्ये तर अधिकच. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर काही जणांना भोवळ येते. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. त्यातून खाली पाहताना पायरीची कड पुसट दिसते. अशा वेळी तोल सावरायला मिळणारा क्षण फार छोटा असतो. त्या क्षणी हाताला घट्ट पकडता येईल असे काही सापडले, तरच पुढचा अनर्थ टळतो.

म्हणून एक भेद लक्षात घ्यावा. पडू नये म्हणून अडवणारा तो कठडा आणि चालताना धरायचा तो हातदांडा. गच्ची आणि सज्जा यांना कठडा हवा, पायऱ्यांना हातदांडा हवाच हवा. एकाने दुसऱ्याचे काम होईलच असे नाही.

हातदांडा गोल असावा; जाडी साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर. मूठ वळल्यावर अंगठा बोटांना जवळजवळ भेटला पाहिजे. संधिवाताने बोटे आखडलेली असतील, तर त्याच व्यक्तीला दुकानात नेऊन नळीचे तुकडे हातात धरून पाहायला सांगावे. उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून मोजावी. ८५ ते ९५ सेंटिमीटर बहुतेकांना सोयीची पडते. भिंतीलगत बसवायचा असल्यास मध्ये किमान ४ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. नाहीतर बोटांची पेरे भिंतीला खरचटतात आणि माणूस दांडा धरणेच सोडतो.

दांडा पहिल्या पायरीच्या आधी सुरू व्हावा आणि शेवटच्या पायरीच्या पुढे सुमारे ३० सेंटिमीटर जावा. टोक भिंतीकडे किंवा खाली वळवून घ्यावे. सरळ सुटलेल्या टोकात पदर किंवा सदऱ्याची बाही अडकते. शक्य तर दोन्ही बाजूंना दांडे बसवावेत. पक्षाघाताने एक हात दुबळा झालेल्या रुग्णाला चढताना जी बाजू उपयोगी पडते, ती उतरताना उलटी होते. एकाच बाजूला जागा असेल, तर उतरताना बळकट हाताकडे येईल ती बाजू निवडावी.

गच्ची आणि सज्जाच्या कठड्याची उंची एक मीटरहून कमी नसावी. घरात नातवंडे असतील, तर उभ्या गजांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे. आडवे गज म्हणजे मुलांसाठी आयती शिडीच. कठड्यालगत कुंडी किंवा स्टूलही ठेवू नये.

साध्या लोखंडाचा दांडा स्वस्त आणि मजबूत असतो, पण गंजरोधक लेप आणि रंग वेळोवेळी द्यावा लागतो. स्टेनलेस स्टीलला निगा कमी लागते. मात्र कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, ३०४ प्रतीच्या स्टीलवरही तांबूस डाग धरतात. तिथे ३१६ प्रत अधिक टिकते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हात उघड्यावरचा धातू इतका तापतो की दुपारी त्याला हात लावणे कठीण होते. तेथे लाकडी दांडा किंवा वर सावली असावी.

खरी परीक्षा मात्र बसवणीची. दांड्याचे खांब काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले किंवा जाड पत्र्याच्या तळपट्टीसह बोल्टने आवळलेले असावेत. दोन खांबांतले अंतर चार फुटांच्या आत ठेवावे. नुसत्या गिलाव्यात ठोकलेले स्क्रू एका झटक्यात निघून येतात. सिमेंट ताजे असताना दांड्याला हात लावू नये, आठवडाभर पाणी मारावे. मग घरातील सर्वांत धिप्पाड माणसाने त्याला धरून पूर्ण भार टाकून पाहावा. कारागीर निघून जाण्यापूर्वी वेल्डिंगच्या जोडांवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला, तर तिथे घासकाम बाकी आहे असे समजावे. वृद्धांची त्वचा पातळ असते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास लहानशी चीरही बराच वेळ वाहते.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, दांडा हलवून पाहावा. गंज सहसा खांबाच्या बुडाशी, पाणी साचते तिथे लागतो. स्टील साबणाच्या पाण्याने पुसावे. फरशी धुण्याचे आम्ल त्याला लावू नये. पायऱ्यांवरचे शेवाळ घासून काढावे, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवावा आणि दिव्याचे बटण दाराच्या आत असावे. आणि हात जोडून सांगतो, दांड्यावर कपडे वाळत घालू नका. ओल्या टॉवेलवर ठेवलेला हात दांड्यासकट नव्हे, टॉवेलसकट खाली येतो.

काळजी घेणाऱ्यांना आणखी एक विनंती. “आता तुम्हाला आधार लागतो” असे म्हणून दांडा बसवू नका. आईवडिलांना ते वाक्य झोंबते आणि दांडा वापरला जात नाही. “आम्हा सगळ्यांसाठी” म्हणून बसवा आणि स्वतःही तो धरून उतरा.

बाईंची शस्त्रक्रिया झाली. काही महिने वॉकर, मग काठी. मुलाने काच तशीच ठेवली. पण आतल्या बाजूने एक साधा गोल दांडा शेवटच्या पायरीपलीकडे नेला. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, तेव्हा बाई अंगणातच होत्या. तुळशीला आता पाणी घालतात ते उजाडल्यावर, आणि तांब्या आधीच खाली नेऊन ठेवलेला असतो. मला पाहून त्या वर येऊ लागल्या. पाच पायऱ्या, पाच वेळा मूठ आवळली आणि सुटली. मी मागे उभा राहून मोजत होतो. वर पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, “दिसायला अगदीच साधा आहे हो, पण हाताला कळतो.”

या पंधरवड्यात आपल्या घराच्या पायऱ्या एकदा डोळे मिटून, दुसऱ्याचा हात धरून उतरून पाहा. दांडा आधी संपतो की पायऱ्या, ते हातालाच विचारा.