विश्लेषण : मीरा-भाईंदरमध्ये इमारतींच्या बाहेरच्या भिंती का फुगतात?

पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, भोवती मिठागरे. मीरा-भाईंदरच्या हवेत मीठ असणारच. हे क्षार भिंतीवर बसतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर भेगांतून सळईपर्यंत पोहोचतात. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. छज्ज्याचे तुकडे पडतात ते त्यामुळे.

नुसता रंग पुरेसा आहे का?

नाही. पोकळ वाजणारे प्लास्टर पाडायचे, सळई घासून गंजरोधक लेप द्यायचा, पॉलिमर मॉर्टर भरायचे, रंग सर्वांत शेवटी. सोसायटीच्या सभेत मात्र चर्चा बहुधा रंगछटेवरच रंगते! वरून अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल लावले तर मागची भेग दिसेनाशी होते, थांबत नाही. शिवाय साधे लोखंडी स्क्रू आधी गंजतात. समुद्रालगत ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील हवे, ते महाग पडते.

नियम काय?

‘आयएस ४५६ : २०००’ या मानकानुसार किनारी वातावरणात किमान एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ती रंगाच्या निविदेआधी करून घ्यावी; कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात सळईच्या दुरुस्तीचा दर वेगळा दिला आहे का, तेही पाहावे.